नाट्यपदांच्या माथ्यावरील ‘चाल’

मराठी संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असें लिहून त्यापुढें दुसऱ्या एखाद्या गाण्याचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. वाचक ते ओलांडून पदाकडे वळतो. आमच्या मतें हे दोन-चार शब्द इतिहासाचें साधन आहेत.

गीतगोविंदाच्या पोथ्यांत अष्टपदीच्या आरंभीं राग व ताल नोंदलेले आढळतात. परंतु जयदेवाच्या काळीं ती कशी गात, हें त्यांवरून कळत नाहीं. नाटककार रागाऐवजीं लोकांच्या ओठांवरील गाणेंच दाखवितो. तें ज्यास येतें त्यास पद म्हणतां येतें; तें विसरलें कीं चालहि बुडते.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ३१ आक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणिले. त्यांत साकी, दिंडी, अंजनीगीत हे कीर्तनांतून परिचित असलेले प्रकार आहेत, तशाच कानडी पदांच्या चालीहि आहेत. कर्ते बेळगांवकडील गुर्लहोसूरचे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे याचा उलगडा होतो. १८९६ सालीं ‘वीरतनय’ आलें. त्याचे कर्ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं पुढें आमच्या वऱ्हाडांतच वकिली केली. त्यांनीं पारशी मंडळ्यांच्या नाटकांतील चाली घेतल्या. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं व १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, आणि मैफलीच्या गायकीचा अंमल रंगभूमीवर बसला. सारांश, हे उल्लेख क्रमानें लाविले असतां अभिरुचीचा प्रवास दिसतो.

दुसरा उपयोग कालनिर्णयाचा. चालीकरितां जें गाणें सांगितलें, तें त्या नाटकापूर्वींचें व त्या वेळीं सर्वपरिचित असलेंच पाहिजे. बाडांतील लावण्यांवर व पदांवर बहुधा शक नसतो. अशा गाण्याचा आरंभ नाटकांत सांपडल्यास त्यास निदान उत्तरमर्यादा मिळते. मात्र पुस्तकाची आवृत्ति पाहूनच सालाचा निर्णय करावा.

आमच्या धनज गांवाजवळील कारंजें येथील जैन भांडारांनीं प्राचीन पोथ्या जतन केल्या. गाण्यांच्या वह्या मात्र घरोघरच्या फडताळांत पडून असतात. संग्राहकांनीं त्या मिळवाव्या, चालीचे उल्लेख जसेच्या तसे उतरावे, व मूळ गाणें म्हणणारें कोणी असल्यास त्याचें गाणें प्रथम ध्वनिमुद्रित करावें. कागद कांहीं काळ थांबेल. कंठ थांबणार नाहीं.