वेताळाची शेवटची गोष्ट

‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्या माणसाला वेताळकथेची सुरुवात पाठ असते. शेवट विचारला, तर मात्र तो अडखळतो. राजा झाडाकडे जातो, प्रेत खांद्यावर घेतो, मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो. वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो. राजा उत्तर देतो आणि मौन मोडल्यामुळे वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. हे चक्र वर्षानुवर्षे फिरत राहिले. पण राजाला ते प्रेत न्यायचे होते कुणासाठी? आणि एकदाचे नेल्यावर झाले काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जुन्या ग्रंथात आहेत. ती नजरेआड झाल्यामुळे या कथेतला खलनायकच बदलून गेला, असे माझे म्हणणे आहे.

गोदाकाठचा राजा

या कथांचे एक जुने आणि सविस्तर रूप सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मिळते. सोमदेव अकराव्या शतकातला, काश्मीरचा. राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्यासाठी त्याने हा ग्रंथ रचला. त्याच्या बाराव्या लंबकात, ७५ ते ९९ या तरंगांमध्ये, वेताळाच्या गोष्टी येतात. गंमत अशी, की काश्मीरमध्ये बसून लिहिणाऱ्या या कवीचा राजा उज्जैनचा नाही. त्याचे नाव त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. उज्जैनचा विक्रमादित्य पुढच्या रूपांतरांमधून रूढ झाला.

पैठण सोडल्यावर गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागते. गेवराई तालुक्यातले राक्षसभुवन याच काठावरचे. १७६३च्या पेशवे-निजाम लढाईसाठी आणि शनीच्या देवस्थानासाठी ते प्रसिद्ध आहे. एका गावाच्या नावावरून काही सिद्ध होत नाही आणि मला तसे करायचेही नाही. पण वेताळ ही आपल्याकडे परप्रांतातून आलेली वस्तू नव्हे, एवढे ध्यानात असावे. गावाबाहेर शेंदूर लावलेला वेताळाचा धोंडा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसतो. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे आणि गोव्यात आमोणे, लोलये येथे तो बेताळ म्हणून पुजला जातो. गावकरी त्याला भितात, पण तो गावाचा राखणदारही असतो. हा दुहेरीपणा पुढे कामाला येईल.

खुद्द सोमदेव आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त सांगतो आणि गुणाढ्याला बसवतो सातवाहनाच्या दरबारात. आख्यायिकेप्रमाणे एका पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या. मग पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले. तेव्हा रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत त्याने सहा लाख श्लोक अग्नीत टाकले. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एक लाख तेवढे उरले होते. पिशाचांची भाषा आणि गोदाकाठचा दरबार ही सांगड परंपरेने फार पूर्वीच घातली आहे.

चोविसावा प्रश्न

आता शेवटाकडे. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्रिविक्रमसेनाला दहा वर्षे रोज एक फळ देत असतो. राजा ते कोषाध्यक्षाच्या हाती सोपवतो. एके दिवशी माकडाने फळ फोडले आणि आतून रत्न निघाले. कोठारात पाहिले, तर फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. अशा रीतीने उपकाराखाली आलेल्या राजाकडे भिक्षू मागणे मागतो : कृष्ण चतुर्दशीच्या रात्री महास्मशानात ये आणि शिंशपा वृक्षाला लटकलेले प्रेत मला आणून दे.

वाटेत वेताळ चोवीस गोष्टी सांगतो. अट दुहेरी आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाच्या ठिकऱ्या होणार आणि बोलला तर प्रेत परत झाडावर जाणार. तेवीस वेळा राजा अचूक बोलतो आणि तेवीस वेळा हेलपाटा पडतो.

चोविसावी गोष्ट अशी. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन स्त्रियांची पावले पाहतात, काही मोठी, काही लहान. मोठ्या पावलांची ती बापाने करायची, लहान पावलांची ती मुलाने, असे ठरते. त्या निघतात मायलेकी आणि पावले मोठी असतात ती मुलीची! दिलेला शब्द पाळून बाप मुलीशी आणि मुलगा आईशी लग्न करतो. दोघींना मुले झाली. ती मुले एकमेकांची कोण?

राजाला उत्तर येत नाही. तो गप्प चालत राहतो. आणि त्याचे मस्तक शाबूत राहते, कारण अट ‘ठाऊक असून न बोलण्या’ची होती, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. तेवीस वेळा शहाणपणाने जे साधले नाही, ते प्रामाणिक अज्ञानाने साधते.

प्रसन्न झालेला वेताळ मग खरे ते सांगतो. तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणेल. तू म्हण, मला येत नाही, आधी तुम्ही घालून दाखवा. राजा तसेच करतो आणि आडव्या झालेल्या भिक्षूचे शिर उडवतो. वेताळ वर माग म्हणतो, तेव्हा राजा एवढेच मागतो, की या चोवीस गोष्टी आणि पंचविसावी ही समाप्तीची, जगात प्रसिद्ध व्हाव्यात. वेताळ तथास्तु म्हणतो आणि वर सांगतो, की जिथे या गोष्टी सांगितल्या-ऐकल्या जातील, तिथे भुताखेतांचा जोर चालणार नाही.

म्हणजे पंचविसावी गोष्ट ही वेगळी गोष्ट नाहीच. तो चोवीस गोष्टींचा उलगडा आहे. भ्यायचे ते झाडावरच्या वेताळाला नव्हे, रोज फळ आणून देणाऱ्या साधूला, हा तो उलगडा.

शेवट नसलेली मालिका

मराठी छापखान्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ही कथा आहे. ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ लिहिणाऱ्या सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३०ची. त्याआधी १८०५मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून हिंदुस्थानी ‘बैताल पचीसी’ निघाली होती. पुस्तकाच्या नावातच पंचवीस हा आकडा होता, म्हणजे कथेला शेवटची वेस होती.

ती वेस मासिकाने ओलांडली. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये मद्रासहून तेलुगू-तमिळमध्ये ‘चंदामामा’ सुरू केले. मराठी ‘चांदोबा’ आला १९५२मध्ये. त्याच वर्षापासून १९८०मध्ये निधन होईपर्यंत कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी संपादनाचा भार वाहिला. मूळच्या गोष्टी संपल्या, तरी वेताळ थांबला नाही. इतर लोककथा आणि नव्याने रचलेल्या कथा त्याच्या तोंडी घातल्या गेल्या. शंकर यांनी काढलेले चित्र, एका हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, ही मालिकेची मुद्राच बनली. हे शंकर २०२०मध्ये गेले. आमच्या बीडकडे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक आला, की पोरे आधी ते पान उघडत.

मालिका चालू ठेवायची म्हणजे राजाला उत्तर येत राहिले पाहिजे. म्हणून मासिकातला राजा कधी निरुत्तर होत नाही. आणि साधू मागे पडतो. दर अंकाच्या सुरुवातीला वेताळच राजाला म्हणतो, की एवढ्या अपरात्री तू हे कष्ट कुणासाठी घेतोस, कळत नाही. सोमदेवाच्या वेताळाला ते पुरते ठाऊक होते. सगळ्या कथेचा गाभा असलेला तो प्रश्न इथे नुसती प्रस्तावना होऊन बसला. याबद्दल संपादकांना दोष देता येणार नाही. मुलांचे मासिक होते, नरबळी दर महिन्याला दाखवायचा कसा? शिवाय नव्या गोष्टींना तयार चौकट मिळाली आणि त्यांतल्या कित्येक उत्तम होत्या.

२०१३च्या सुमारास ‘चंदामामा’ बंद पडले आणि वेताळ झाडावरच राहिला. योगायोगाने त्याच वर्षी ‘हेलब्लेझर’ ही गाजलेली इंग्रजी चित्रकथा-मालिकाही संपली. जॉन कॉन्स्टंटाइन नावाच्या मांत्रिकाची ही मालिका १९८८मध्ये जेमी डेलानो यांनी सुरू केली होती. पण ती बंद होणार हे ठरल्यावर अखेरची काही वर्षे ती लिहिणाऱ्या पीटर मिलिगन यांना ३००व्या अंकात नायकाचा निरोप घेता आला. आपल्या वेताळाला शेवट नव्याने लिहिणारा कुणी नको होता, तो हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता. तो छापायचा तेवढा राहिला.

राहिला त्याने काय बिघडले? २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला. गुप्तधनासाठी, सिद्धीसाठी माणूस मारण्याचे प्रकार रोखायला विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात कायदा करावा लागला. ज्या कथेत सिद्धीसाठी बळी मागणाऱ्याचा डाव एक भूतच उघडा पाडते, ती आपल्या घरोघरी होती. पण आपण तिच्यातून भूत तेवढे लक्षात ठेवले.

आजी-आजोबांनी नातवंडांना वेताळाची गोष्ट सांगताना कुठलीही सांगावी, पण एकदा तरी चोविसावीपर्यंत जावे. राजाला ‘मला ठाऊक नाही’ या जागी पोचू द्यावे. आणि ‘आधी तुम्ही घालून दाखवा’ हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यावे. राजाने वर मागितला होता तो याच गोष्टीसाठी.