पीडित-साहाय्य सेवकांचे निरंतर शिक्षण आणि दंडाचा निधी : अमेरिकेतील अनुभव

फौजदारी न्यायव्यवस्थेत गुन्हेपीडिताचे स्थान दीर्घकाळ साक्षीदारापुरतेच मर्यादित राहिले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८२ मध्ये नेमलेल्या कृतिदलाने ही उणीव मांडली व १९८४ मध्ये गुन्हेपीडितांसाठी कायदा संमत झाला.

या कायद्याने निर्माण झालेला निधी करांवर नव्हे, तर संघीय गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांच्या दंडावर उभा राहिला. नुकसानभरपाई व प्रत्यक्ष सेवा हे त्याचे मुख्य हेतू होत. तथापि समुपदेशक, परिचारिका, पोलीस यांना योग्य प्रशिक्षण नसेल, तर मदतीची प्रक्रियाच पीडिताला पुन्हा दुखावते. या जाणिवेतून १९९५ मध्ये राष्ट्रीय पीडित-साहाय्य अकादमी सुरू झाली. पुढे व्यावसायिक विकासासाठी शिष्यवृत्त्याही मिळू लागल्या. मात्र राज्यांना साहाय्य-अनुदानाचा जास्तीत जास्त ५ टक्के भागच प्रशासन व प्रशिक्षण या दोहोंवर मिळून खर्च करता येतो.

दंडाची आवक दरवर्षी सारखी नसते. मोठ्या कंपन्यांवरील खटले स्थगित ठेवून होणाऱ्या समझोत्यांची रक्कम या निधीऐवजी सरकारी तिजोरीत जाऊ लागल्याने निधी आटला. ती निधीकडे वळविण्यासाठी २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

गुन्हेगाराच्या दंडातून पीडिताला आधार देण्याचे तत्त्व न्याय्य आहे. परंतु सेवकांचे शिक्षण ही अखंड चालणारी गरज आहे. तिला अनिश्चित उत्पन्नावर सोडल्यास काटकसरीचा पहिला घाव तिच्यावरच पडण्याचा धोका राहतो. म्हणून प्रशिक्षणासाठी स्वतंत्र व स्थिर तरतूद हवी, हाच या अनुभवाचा निष्कर्ष होय.