पोत्सुओलीचे तीन खांब

१/ इटलीत नेपल्सजवळील पोत्सुओली गावात रोमनकालीन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. १७५० मधील उत्खननात ते उजेडात आले.

२/ या खांबांवर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, सागरी शिंपल्यांनी पोखरलेली छिद्रे आहेत. म्हणजे खांब उभेच समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. भूमी संथपणे खचते व उचलली जाते, याचा पुरावा म्हणून चार्ल्स लायेलने १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांचे चित्र छापले.

३/ कारण भूगर्भात आहे. हे गाव कॅम्पी फ्लेग्रेई या महाज्वालामुखीच्या विवरात वसले आहे. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी त्याची राख रशियापर्यंत पोहोचली होती.

४/ १५३८ मध्ये भूमी उचलली गेली, उद्रेक झाला आणि आठवडाभरात मोंते नुओव्हो ही टेकडी उभी राहिली. १९८२–८४ मध्ये भूमी सुमारे १.८ मीटर वर आली, हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. उद्रेक मात्र झाला नाही.

५/ २००५ पासून भूमी पुन्हा उचलली जात आहे. महाउद्रेकाची शक्यता अत्यल्प. १५३८ सारखा लहान उद्रेक अधिक संभवनीय. परंतु तेथे आज सुमारे पाच लाख लोक राहतात. भूमीची हालचाल १५३८ ची की १९८४ ची, हे ओळखण्यावर त्यांचे प्राण अवलंबून आहेत.