प्लॅन २०० एमबीपीएसचा, मग मोबाईलवर ३० च का? घरच्या राउटरकडून पूर्ण स्पीड कसा मिळवायचा

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, बिल वेळेवर भरलेलं आहे, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा गोठतो. कस्टमर केअरला फोन केला तर ठरलेली दोन उत्तरं मिळतात : 'राउटर बंद करून चालू करा' किंवा 'मोठा प्लॅन घ्या'.

मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. घरात येणारा स्पीड आणि मोबाईलपर्यंत पोहोचणारा स्पीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी पाइप चोंदला असेल तर नळाला करंगळीएवढीच धार येते. अशा वेळी दुसरी टाकी बसवून उपयोग नसतो. आधी पाइप कुठे चोंदलाय ते शोधावं लागतं.

एमबीपीएस म्हणजे नेमकं किती?

प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर डाउनलोड होणारी फाइल बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये दिसते. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट या वेगाने उतरेल. तिथे '१२' दिसलं म्हणून कंपनीने फसवलं असं होत नाही.

गरज किती, हेही बघा. एक फोरके व्हिडिओ चालवायला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घरात १०० एमबीपीएस नीट पोहोचत असतील तर सहसा काही अडत नाही.

आधी केबल लावून मोजा

दोष लाइनचा आहे की वायफायचा, हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, बाकी सगळ्यांचं वायफाय बंद ठेवायचं आणि स्पीड टेस्ट करायची. एकदा सकाळी आणि एकदा रात्री ९-१० च्या सुमारास. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. तोही नसेल तर राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोजा.

निकाल तीन प्रकारचा येऊ शकतो.

• स्पीड प्लॅनच्या जवळपास आला : लाइन ठीक आहे. अडचण तुमच्या घरातल्या वायफायची आहे.

• आकडा नेमका ९४-९५ वर अडकला : कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना पोर्ट किंवा खराब केबल आहे. स्वस्त राउटरचे पोर्ट आजही अनेकदा १०० चेच असतात. गिगाबिट स्पीडसाठी केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' केबल लावून बघा.

• सकाळी ठीक, रात्री निम्मा : ही लाइनवरची गर्दी. घराघरांत येणाऱ्या फायबरच्या एका शाखेवर साधारण २.५ गिगाबिटची क्षमता असते आणि ती अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. पुढची लाइनही सामायिकच असते. हे कंपनीलाच सुधारावं लागेल.

राउटर कुठे ठेवायचा?

फायबरची तार जिथून घरात शिरली तिथेच, म्हणजे दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे, राउटर बसवला जातो. तंत्रज्ञाचं काम दहा मिनिटांत होतं आणि आतल्या खोल्यांची गैरसोय कायमची होते.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. साधी विटांची भिंत त्या थोड्या अडवते, सिमेंटचा सळ्या घातलेला कॉलम किंवा स्लॅब खूप अडवतो, आणि धातू जवळपास पूर्णच अडवतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी हे सगळे सिग्नलचे शत्रू. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतीपलीकडे एका राउटरकडून फार अपेक्षा ठेवू नका.

म्हणून राउटर घराच्या शक्य तितका मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवा. शोकेसच्या आत किंवा पोटमाळ्यावर नको. तार लांबवायची असेल तर कंपनीकडून फायबर वाढवून घ्या किंवा लॅन केबल टाका.

अँटेना कसे ठेवायचे? उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात आडवा पसरतो. वडा अँटेनाभोवती आणि अँटेना भोकात, असं समजा. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वात कमी जातो. त्यामुळे एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभे ठेवा. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एखादा आडवा करून बघा.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

आजचे बहुतेक राउटर दोन बँडवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो आणि भिंती जरा बऱ्या ओलांडतो, पण हळू असतो आणि तिथे गर्दी फार. शेजारच्यांचं वायफाय, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण दोन भिंतींनंतर दमतो.

मोबाईल, लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर ठेवा. स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरा यांना २.४ पुरतो. त्यातली बरीच उपकरणं ५ वर चालतही नाहीत. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि मोबाईल सारखा २.४ वर जाऊन बसत असेल, तर सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. लांबच्या खोलीतला कमजोर सिग्नलवरचा जुना फोन आपलं बोलणं संपवायला जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबतात. म्हणून जागेवरून न हलणारी उपकरणं, म्हणजे टीव्ही आणि डेस्कटॉप, शक्यतो केबलने जोडा. त्यांचं भलं होतंच, शिवाय वायफायवरची रांगही कमी होते.

चॅनल बदलून बघा

सोसायटीत राहत असाल तर वायफायच्या यादीत वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच : १, ६ आणि ११. अँड्रॉइडवर वायफाय ॲनलायझर प्रकारचं ॲप टाका आणि या तिघांपैकी कमी गर्दीचं चॅनल निवडा. '३ रिकामं दिसतंय' म्हणून ते घेऊ नका. त्यावर १ आणि ६ या दोन्हींचा गोंगाट येतो. चॅनलची रुंदी २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झ ठेवा, ५ मध्ये ८० चालते.

५ गिगाहर्ट्झवर नेट अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल तर राउटर ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर आहे का बघा. हा पट्टा रडारसोबत वाटून घेतलेला आहे. रडारसारखा सिग्नल दिसला की राउटरला ते चॅनल सोडावंच लागतं. अशा वेळी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनल कायम करा.

स्पीड भरपूर, तरी कॉल अडकतो

व्हिडिओ कॉल आणि गेमिंगला मोठ्या स्पीडपेक्षा पटकन उत्तर लागतं. त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदात मोजतात. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करत असेल किंवा मोबाईल गुपचूप फोटोंचा बॅकअप घेत असेल तर राउटरमध्ये डेटाची रांग लागते. तुमचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो.

तपासायला सोपं आहे. एकीकडे मोठी फाइल अपलोड करा आणि दुसरीकडे पिंग बघा. २० चा २०० झाला तर दोष रांगेचा. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये 'क्यूओएस'ची सोय असेल तर ती चालू करून मर्यादा प्रत्यक्ष स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा स्पीड सोडावा लागतो, पण कॉल तुटत नाही.

नेट सारखं जातं?

राउटरवर किंवा फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोहोचत नाहीये, असा त्याचा अर्थ. सेटिंग बदलून काही होणार नाही. फायबर कुठे दुमडली आहे का, दारात चेपली आहे का, एवढं पाहा आणि तक्रार नोंदवा. उघड्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा नसताना राउटर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर संशय अडॅप्टरवर किंवा उष्णतेवर घ्या. एप्रिल-मे महिन्यात बंद कपाटातला राउटर चांगलाच तापतो.

वीज गेली की नेट जात असेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. त्याचे व्होल्ट अडॅप्टरइतकेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल. घरापर्यंत थेट फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण जिन्यात किंवा गच्चीवर नेटवाल्याचा स्विच असेल, तर इमारतीची वीज गेल्यावर तो बंद पडणारच. तिथे तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

रिपीटर, मेश की दुसरा राउटर?

स्वस्त रिपीटर ऐकलेलं पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. घ्यायचाच असेल तर सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवू नका. राउटर आणि त्या खोलीच्या अधेमध्ये ठेवा. मेश त्याहून बरा, आणि त्याचे डबे केबलने जोडले तर उत्तम.

जुना राउटर पडून असेल तर लॅन केबल टाकून तो आतल्या खोलीत 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर लावा. अनेक घरांत एवढ्यावर काम भागतं.

पासवर्ड बदला, अपडेट करा

सोपा किंवा सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड म्हणजे शेजाऱ्यांना फुकट नेट. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा आणि डब्ल्यूपीएस बंद करा. राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्डही बदला. फर्मवेअर अपडेट आलं असेल तर टाका. 'स्पीड बूस्टर' ॲपमुळे राउटर वेगवान होत नाही. डीएनएस बदलल्याने साइट उघडायला सुरुवात थोडी लवकर होऊ शकते, पण डाउनलोडचा वेग तोच राहतो.

तक्रार करायची वेळ आली तर

केबल लावून घेतलेल्या टेस्टचे तारीख आणि वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. 'तुमचं वायफाय कमजोर आहे' हे उत्तर त्यापुढे टिकत नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचा डॉकेट नंबर मिळायलाच हवा, तो मागून घ्या. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

थोडक्यात क्रम असा : केबलने मोजा, राउटर हलवा, बँड आणि चॅनल बदला, टीव्ही केबलवर घ्या. यातलं बहुतेक काम फुकटात होतं. एवढं करूनही केबलवर प्लॅनइतका स्पीड येतोय आणि तरी घराला तो पुरत नाही, असं दिसलं तरच मोठ्या प्लॅनचा विचार करा.