खडखडा आणि ब्रेक

जोतिबाचा डोंगर उतरताना मास्तरांनी मला एकच वाक्य सात वेळा ऐकवलं : "ब्रेकवर पाय ठिऊन बसू नगा सायेब, लायनर जळतंय." आठव्या वेळी ते बोलले नाहीत. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, तो त्यांनी दाबला आणि गायमुखाच्या जरा अलीकडे गाडी कडेला घेतली. मला खाली उतरवून पुढच्या चाकापाशी बसवलं. "घ्या वास." करपल्याचा वास येत होता, चाकातून धग मारत होती. "आता धा मिंटं चांगभलं म्हणत बसा. थंड झाल्याबिगार हलायचं न्हाई."

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढलेल्या माणसाला असली दहा मिनिटं बरीच मिळतात. मी उघड्या दारातून पायाखालची तीन पेडलं बघत बसलो. देवळातून अनवाणी आलो होतो, तळव्यांना गुलाल होता. ब्रेकचं रबर गुलाबी झालेलं, क्लचवर थोडा रंग आणि ॲक्सिलरेटर जवळजवळ कोरा. मी डोंगर कसा उतरलो त्याचा पंचनामाच तो. मास्तर म्हणाले, "ज्या गिअरात चढली, त्याच गिअरात उतरवायची. इंजनच धरतंय गाडीला. घोडं उधळल्यावर लगाम वढून काय उपेग? आधीपासनं धरून हाकायचं."

लगाम या शब्दाशी मी अडकलो, तो अजून सुटलेलो नाही.

त्या आठवड्यात मी राजर्षी शाहूंविषयी वाचत होतो. महाराजांच्या आठवणींत एक गाडी जागोजागी भेटते, ती म्हणजे खडखडा. कोल्हापुरात हा शब्द अजून जिवंत आहे. एखाद्याची मोटार फारच वाजायला लागली की 'काय खडखडा आणलायस रे' असं म्हणतात. पण खडखडा म्हणजे नुसती वाजणारी गाडी नव्हे. नव्या घोड्यांना ओढकामाची सवय लावायची, तर त्यांना चांगल्या बग्गीला जुंपून कसं चालेल? लाथा झाडून ती बग्गीची काडी काडी करतील. म्हणून नुसता सांगाडा, चार चाकं आणि हाकणाऱ्याची उंच बैठक एवढीच भक्कम गाडी करतात. ना टप, ना गादी. वाजणारच. राजाला बग्ग्यांची वाण नव्हती, तरी महाराज ह्या खडखड्यातून हिंडत.

तर या खडखड्याला इंग्रजीत काय म्हणतात? ब्रेक.

हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून घरात दोन फेऱ्या मारल्या. कोल्हापूरची पहिली शिकाऊ गाडी म्हणजे खडखडा. फक्त तिच्यात शिकाऊ होता तो घोडा. 'एल'ची पाटी लावायची तर त्याच्या कपाळावर लावायला हवी होती.

आता भांडण इथून सुरू होतं. इंग्रजीत ब्रेकची स्पेलिंगं दोन. थांबवणारा ब्रेक 'के'नंतर 'ई' घेतो. मोडणारा ब्रेक तोच 'ई' पोटात घालून बसतो. घोडा 'मोडणे' म्हणजे त्याला वठणीवर आणणे, ही इंग्रजांची जुनी बोली. म्हणून एक पक्ष म्हणतो, शिकाऊ घोड्यांची गाडी ती मोडणाऱ्या ब्रेकची. दुसरा पक्ष म्हणतो, छे, जुन्या इंग्रजीत घोड्याचा पाय अडकवून नाल ठोकायच्या चौकटीलाही ब्रेक म्हणत. त्या चौकटीचा हा सांगाडा. लिहिणाऱ्यांनी तर दोन्ही स्पेलिंगं बिनदिक्कत वापरली. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या ब्रेकव्हॅनलासुद्धा कितीएक जण मोडणारंच स्पेलिंग लावत. देवनागरीने हा तंटा एका फटक्यात मिटवला. आपल्याकडे घाटातला ब्रेक आणि मालिकेच्या मध्ये येणारा छोटासा ब्रेक एकाच अक्षरांत नांदतात.

पण मुळात थांबवणारा ब्रेक आला कुठून? याला तीन दावेदार आहेत.

पहिला डच-जर्मन मुलखातला. जवसाच्या काड्या दोन लाकडी जबड्यांत धरून कुटायच्या आणि धागा मोकळा करायचा, त्या अवजाराचं नाव ब्रेकच्या जवळचं. दोन जबडे, मध्ये काहीतरी घट्ट धरलेलं, म्हणून तेच नाव चाकाला लागलं म्हणे. दावा इभ्रतदार आहे. मला त्यात एकच खोट दिसते. जवसाचं अवजार वस्तू मोडतं आणि गाडीचा ब्रेक गाडी वाचवतो. अर्थाची एवढी कोलांटी शब्द मारतात, नाही असं नाही, पण उगाच मारत नाहीत.

दुसरा दावेदार दांडा. जुन्या फ्रेंचमध्ये हाताला, बाहूला जो शब्द होता, त्यावरून पंपाच्या दांड्याला इंग्रज खलाशी ब्रेक म्हणू लागले. मग दांडा ओढून थांबवायची कळ तीही ब्रेक. हा प्रतिस्पर्धी तगडा आहे. आपला हँडब्रेक बघितला की त्याच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो.

तिसरा माझा लाडका. मध्ययुगीन इंग्रजीत ब्रेक म्हणजे घोड्याच्या तोंडातला लगाम. अर्थ सरळ आहे, धरून ठेवणारा. इंग्रजीपुरता मी हा दावा कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण शेजारपाजारची साक्ष काढू. फ्रेंच माणूस मोटारीच्या ब्रेकला 'फ्रँ' म्हणतो, इटालियन आणि स्पॅनिश 'फ्रेनो'. तिन्ही शब्द लॅटिन 'फ्रेनुम'ची लेकरं आणि फ्रेनुम म्हणजे लगाम. जर्मन 'ब्रेम्झं' म्हणतो. त्याचं मूळ द्वाड घोड्याच्या नाकाला लावायच्या चिमट्यात आहे. आपली वेसण नाक टोचून घालतात, हा चिमटा वरून आवळतात, पण काम एकच. जवळजवळ निम्म्या युरोपाने मोटार थांबवायला घोड्याच्या तोंडा-नाकाशीच धाव घेतली असेल, तर एकट्या इंग्रजाने जवस कुटत बसावं, हे मला पटत नाही. दांडेवाल्यांना मी एवढंच म्हणेन की लगाम धरणाराही बाहूच असतो. हवं तर अर्धी इस्टेट घ्या.

गंमत म्हणजे फ्रान्समध्ये 'ब्रेक' हा शब्दही आहे, पण तिथे तो मागे सामानाची ऐसपैस जागा असलेल्या लांबड्या मोटारीला लावतात. खडखड्याच्या सांगाड्यावर पुढे बाकं बसवली, शिकारीची मंडळी आणि कुत्री त्यात जाऊ लागली, त्याचा 'शूटिंग ब्रेक' झाला आणि घोडे सुटून इंजिन आलं तरी नाव राहिलं. म्हणजे पॅरिसमध्ये एखादा म्हणू शकतो की माझ्या ब्रेकचा ब्रेक लागत नाही, आणि त्यात त्याला दोन वेगळे शब्द वापरावे लागतील.

आपल्याकडची साक्ष राहिलीच. रथ हाकणाऱ्याला संस्कृतात 'यन्ता' असाही शब्द आहे आणि त्याच्या पोटात 'यम्' धातू आहे, आवरणे. पळवणारा नव्हे, आवरणारा तो सारथी. 'यंत्र' हा शब्दही याच घरातला. ड्रायव्हरला आपण 'चालक' म्हणू लागलो तिथेच मला वाटतं आपलं थोडं चुकलं. चालवतं ते इंजिनच.

पेडलांचा बाकीचा इतिहास झटपट उरकतो. 1888 च्या ऑगस्टात बेर्टा बेंझ नवऱ्याची तीनचाकी काढून दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, एका बाजूने शंभरावर किलोमीटर. चढावर गाडी ढकलावी लागली, उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं लायनर ते हेच. (कोल्हापुरात बिघडली असती तर बाई थेट चप्पल लाईनीत गेली असती आणि गाडी अजून चालू असती.) 1902 मध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला, विसाच्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. पेडलांचा क्रम मात्र बराच काळ ठरेना. 1908 पासून खपलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये डाव्या पेडलाने गिअर, मधल्याने रिव्हर्स, ब्रेक उजवीकडे आणि ॲक्सिलरेटर पायात नव्हे, स्टेअरिंगखालच्या दांडीत. ती गाडी शिकलेला माणूस आज माझ्या जागी बसला तर जोतिबाच्या पहिल्याच वळणावर थांबायला म्हणून वेग वाढवेल. क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर हा क्रम 1916 च्या एका कॅडिलॅकने धरला आणि छोट्या ऑस्टिन सेव्हनने तो घरोघर नेला. ही ऑस्टिन आली 1922 मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराज गेले. योगायोगापलीकडे यात काही नाही, पण मला तो सोडवत नाही.

आणखी एक धागा आहे, त्याच्यावर मी जास्तच खूश आहे. खडखड्याला नवा घोडा एकटा जुंपत नाहीत. त्याच्या जोडीला एक जुना, मुरलेला घोडा देतात. नवा बिचकला, उधळला तरी जुना आपल्या वजनाने त्याला जागेवर धरतो. आपले शेतकरीही नवा खोंड असाच जुन्या बैलाच्या जोडीला शिकवतात. अशा मुरलेल्या, शिकवणाऱ्या घोड्याला इंग्रज घोडेवाले काय म्हणतात? शाळामास्तर. कोल्हापुरात गाडी शिकवणाऱ्याला मास्तरच म्हणतात, सर नव्हे, कोच नव्हे. आपला मास्तर तालमीतून किंवा बँडातून आला असेल, हे कुणीही सांगेल. पण डाव्या बाजूला बसलेला, स्वतःचा वेगळा ब्रेक असलेला, नवख्याच्या खांद्याला खांदा लावून ओढणारा तो माणूस पाहिला की मला जोडीचा घोडाच दिसतो. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. सांगायची हिंमत परवाना हातात पडल्यावर करीन.

दहा मिनिटांची पंधरा झाली. मास्तरांनी चाकाजवळ हात धरून पाहिला आणि मान हलवली. मी क्लच दाबला, दुसरा टाकला, पाय ब्रेकच्या वर अधांतरी ठेवला आणि गाडी सोडली. इंजिन घुमायला लागलं आणि गाडी खरोखरच आपली आपण धरून उतरू लागली. समोरून केर्लीकडून एसटी चढत आली, तेव्हा तेवढा एकदा दाबला.

केर्लीच्या सपाटीला लागल्यावर मी हळूच डावीकडे पाहिलं. मास्तरांनी त्यांच्या ब्रेकवरचा पाय काढून सीटवरच मांडी घातली होती आणि पिशवीतलं प्रसादाचं खोबरं दातांनी तोडत होते.