उलट्या पानांची पोथी : हिमालय आणि त्याचा गाळ

हिमालयावर मराठीत लेखन थोडे झालेले नाही. यात्रावर्णने आहेत, गिर्यारोहकांचे अनुभव आहेत, साधकांची आत्मकथने आहेत. आणि या सर्व लेखनात पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणेच खालून वर जाते. आम्हांला येथे उलट, वरून खाली जायचे आहे: शिखरांकडून पायथ्याच्या टेकड्यांकडे, तेथून मैदानात आणि शेवटी समुद्राच्या तळाशी. कारण पर्वताचा इतिहास पर्वतावर फारसा शिल्लक राहत नाही. जो भाग झिजून गेला तोच त्याचा भूतकाळ, आणि तो तर आता तेथे नाही. डोळ्यांना दिसतो तो शेवटचा पाठ. आधीचे पाठ नद्यांनी खरवडून नेले आणि दूर कोठेतरी थरावर थर रचून ठेवले. पर्वताचे चरित्र ज्याला लिहायचे आहे त्याला या गाळाकडेच जावे लागते. हस्तलिखितांच्या प्रती, प्रक्षेप, गहाळ पाने यांच्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्या साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

गाळाचे हे वाचन आपल्याकडे केव्हा सुरू झाले? ज्ञात उत्तर चकित करणारे आहे. १०३० च्या सुमारास अल्-बिरुनीने भारतावरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. धर्म, ज्योतिष, कालगणना यांच्या चर्चेत त्याने जाता जाता एक निरीक्षण नोंदवले आहे. येथील जमीन कितीही खोल खणली तरी गोल झालेले दगड लागतात. ते पर्वतांजवळ, जेथे नद्यांना वेग असतो तेथे मोठे असतात, पर्वतांपासून दूर लहान होत जातात, आणि प्रवाह मंदावून समुद्राशी येतो तेथे त्यांची वाळू झालेली असते. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की ही भूमी एके काळी समुद्र असावी आणि नद्यांच्या गाळाने ती हळूहळू भरून निघाली असावी. सिंधु-गंगेचे मैदान म्हणजे पर्वतांचा चुरा भरलेली खोलगट जागा होय, या आजच्या मताचा गाभा त्यात आहे. (ती खोलगट जागा सर्वत्र समुद्रच होती असे मात्र नाही.) दगडाचा आकार आणि पर्वताचे अंतर यांचा जो संबंध त्याने जोडला, तो तर आजही पहिल्या धड्यात शिकवला जातो.

त्याचे हे सूत्र जमिनीवर आडवे लावलेले होते. ते उभे लावता येते हे शिवालिक टेकड्यांनी दाखवले. हिमालयाच्या दक्षिण पायथ्याशी पसरलेल्या या टेकड्यांत १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी जीवाश्मांचा प्रचंड साठा शोधून काढला. (हाच कॉटली पुढे गंगा कालव्याचा शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाला.) जिराफाच्या कुळातील एका अवाढव्य प्राण्याला त्यांनी १८३६ मध्ये शिवाचे नाव दिले : शिवाथेरियम. हाडांच्या या वैभवापुढे ती ज्यात पुरली गेली त्या दगडांकडे लक्ष जायला वेळ लागला. तळाशी बारीक चिखलाचे पंकाश्म आणि वालुकाश्म, मधे जाड वालुकाश्म, माथ्याशी गोट्यांचे आणि धोंड्यांचे पिंडाश्म, असा या थरांचा ढोबळ क्रम आहे. एकूण जाडी काही ठिकाणी पाच-सहा किलोमीटर; सर्वांत जुने थर सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांचे. आता अल्-बिरुनीचे सूत्र आठवावे. एकाच जागी, कालक्रमाने, दगड मोठे होत गेले आहेत. म्हणजे पर्वत त्या जागेच्या जवळ येत गेला! हिमालयाची झिजणारी कड दक्षिणेकडे सरकत होती, ही गोष्ट दगडांच्या केवळ आकारमानावरून वाचता येते. पुढे तर त्या पर्वताने आपल्याच गाळाला गाठले, दाबले, घड्या घालून वर उचलले. तीच शिवालिकची रांग. ती आज झिजते आहे आणि तिचा गाळ पुन्हा मैदानात उतरतो आहे.

या पोथीची पाने उलटी लागलेली असतात. पर्वत झिजतो तो माथ्याकडून, त्यामुळे त्याचे सर्वांत वरचे आवरण सर्वांत आधी वाहून जाते आणि गाळाच्या तळाशी बसते. खोलातले खडक उशिरा उघडे पडतात आणि त्यांचा चुरा वरच्या थरांत येतो. शिवालिकच्या वाळूतील जड खनिजे वेगळी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की खालून वर जाताना गार्नेट, मग स्टॉरोलाइट, मग कायनाइट अशी क्रमाने अधिक उष्णतेत आणि दाबात घडलेली खनिजे दिसू लागतात. पर्वताच्या पोटात जे खाली होते ते गाळात वर आले आहे. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक हाही मुळात गाळच, ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा. म्हणजे ज्याला आपण मूळ संहिता म्हणतो तीही जुन्या संहितेची नक्कलच निघते. गाळातला एखादा कण मूळ खडकातून थेट आला, की जुन्या गाळाच्या खडकातून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निघाला, हे ठरवणे हे या शास्त्रातले जुने दुखणे आहे.

कणांच्या अंगी घड्याळ असते हे कळले तेव्हा या वाचनाला नेमकेपणा आला. झिर्कॉन नावाच्या टणक खनिजात युरेनियमचा अंश असतो. त्याचे अणू फुटताना स्फटिकात सूक्ष्म ओरखडे उमटतात. खडक फार तापलेला असेपर्यंत हे ओरखडे बुजतात. तापमान सुमारे २४० अंशांखाली उतरले की टिकू लागतात. त्यांच्या मोजणीतून कळते, की तो कण पृष्ठभागाकडे येताना केव्हा थंडावला. तो ज्या थरात सापडला त्याचे वय वेगळ्या मार्गाने काढता येते. या दोहोंतले अंतर म्हणजे खोलातून वर येऊन, झिजून, वाहून, गाळात बसेपर्यंतचा प्रवास. १९८८ मध्ये सर्व्हनी आणि सहकाऱ्यांनी उत्तर पाकिस्तानातील शिवालिक थरांत हे अंतर मोजले. प्रत्येक काळच्या थरात काही कण असे निघाले, की त्यांचा प्रवास अवघ्या १० ते ५० लाख वर्षांत आटोपला होता. याचा अर्थ गेली १ कोटी ८० लाख वर्षे हिमालयाचा कोणता ना कोणता भाग आजच्याइतक्याच वेगाने उचलला आणि कापला जात होता. एवढा मोठा निष्कर्ष वाळूच्या कणांच्या गाठोड्यातून!

चुकीची वाचनेही झाली. १९१९ मध्ये पॅस्को आणि पिल्ग्रिम या दोघांनी स्वतंत्रपणे असे मांडले, की शिवालिकचे थर हे आसामकडून वायव्येला वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळणाऱ्या एकाच महानदीने रचले. कल्पना भव्य होती, म्हणूनच ती बराच काळ टिकली. पुढे थरांमधील प्राचीन प्रवाहांच्या खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा पर्वतातून उतरणाऱ्या अनेक नद्यांची ही कामगिरी असल्याचे दिसले. अनेक हातांनी लिहिलेल्या ग्रंथाला एकच कर्ता शोधण्याचा मोह केवळ साहित्यातच होतो असे नाही.

मैदानात मावला नाही तो गाळ समुद्रात गेला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून आणतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्याचा जो पंखा पसरला आहे तो सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा असून विषुववृत्त ओलांडून जातो. उत्तरेकडे त्याची जाडी सोळा किलोमीटरांच्या आसपास आहे. जगातील ही सर्वांत मोठी गाळाची रास. तिच्या वाढीतून हिमालयाच्या झिजेचा हिशेब मांडता येईल, हे करी आणि मूर यांनी १९७१ मध्ये दाखवले. पश्चिमेला सिंधूचा असाच, आकाराने लहान पंखा अरबी समुद्रात आहे. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी कालिदासाने हिमालय पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही समुद्रांत शिरलेला कल्पिला आहे. डोंगरांच्या नकाशावर ते खरे ठरत नाही. गाळाच्या नकाशावर अक्षरशः खरे आहे.

मात्र खरा वाद या राशीच्या जाडीवरूनच पेटला. जगभरच्या गाळाचे मोजमाप केले तेव्हा गेल्या २० ते ४० लाख वर्षांत गाळ साचण्याचा वेग सर्वत्र वाढलेला दिसला. साधा अर्थ असा, की या काळात पर्वत उंचावले. १९९० मध्ये पीटर मोल्नार आणि फिलिप इंग्लंड यांनी शंका काढली: पृथ्वीवरचे सगळे पर्वत एकाच मुहूर्तावर कसे उंचावतील? त्यापेक्षा हवामान बदलले, हिमयुगे आली, त्यामुळे झीज वाढली असे का मानू नये? दऱ्या खोल कोरल्या गेल्या की भार कमी होऊन उरलेली शिखरे वर उचलली जातात. मग उंच शिखरे ही झिजेचाच परिणाम ठरतील. दोनच वर्षांनी रेमो आणि रुडिमन यांनी कार्यकारण उलटे फिरवले: तिबेट आणि हिमालय उंचावल्यामुळे खडकांचे रासायनिक विदारण वाढले, त्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषला आणि पृथ्वी थंडावली. कोंबडी आधी की अंडे, हा प्रश्न मोल्नार आणि इंग्लंड यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होता.

दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होते: गाळ खरोखर वाढला. आमच्या मते या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पात्र ते आहे, ज्याने नेमकी हीच बाब संशयास्पद केली. पीटर सॅडलर यांनी १९८१ मध्ये गाळ साचण्याच्या वेगाच्या सुमारे २५ हजार नोंदी एकत्र केल्या आणि दाखवून दिले, की जितक्या लांब कालखंडावर सरासरी काढावी तितका वेग कमी भरतो. कारण उघड आहे, पण दाखवीपर्यंत ते कोणाच्या ध्यानी येत नाही. गाळ अखंड साचत नाही. पूर येतो, थर बसतो. मग दीर्घकाळ काहीच होत नाही. मग दुसरा पूर आधीचा थर खरवडून नेतो. कालखंड जितका लांब, तितक्या त्यात अशा रिकाम्या जागा अधिक. जवळच्या काळाची आपण छोट्या छोट्या तुकड्यांत मोजणी करू शकतो, म्हणून तो नेहमीच भरगच्च दिसतो. वाङ्मयाच्या इतिहासात शेवटच्या पन्नास वर्षांना जेवढी पाने मिळतात तेवढी आधीच्या दोन शतकांना मिळत नाहीत. त्यावरून आधीच्या लोकांनी लिहिणे कमी केले होते असे कोणी म्हणेल काय? म्हटलेले आम्ही पाहिले आहे.

यातून वाट निघाली ती जाडी सोडून कणांकडे वळल्याने. जमिनीच्या पृष्ठभागाजवळील क्वार्ट्झमध्ये अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे बेरिलियम-१० तयार होत राहते. उतार संथपणे झिजत असेल तर कणाला किरणांखाली अधिक काळ मिळतो आणि हा अंश वाढतो. झीज वेगवान असेल तर कमी राहतो. म्हणजे कण किती साचले हे बाजूला ठेवून, ते निघाले तेव्हा डोंगर किती वेगाने झिजत होता हे एकेका मूठभर वाळूला विचारता येते. २०१५ मध्ये खोदकामाच्या जहाजाने बंगालच्या उपसागरात ८ अंश उत्तर अक्षांशावर सात ठिकाणी पंख्याचे नमुने काढले. त्यांवरून लेनार्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जे प्रसिद्ध केले ते असे: सुमारे ६० लाख वर्षांत हिमालयाच्या झिजेचा वेग साधारण स्थिर राहिला. हिमयुगांनी तो वाढवल्याची खूण मिळाली नाही. ज्या वाढीच्या कारणासाठी तीस वर्षे भांडण चालले, ती निदान हिमालयापुरती तरी झालीच नव्हती असे यातून दिसते.

‘स्थिर’ या शब्दाचीही आम्हांला धास्ती वाटते. ११९० च्या सुमारास, म्हणजे परंपरेने ‘विवेकसिंधु’ची रचना ज्या काळात मानली जाते त्याच वेळी, नेपाळात अन्नपूर्णा रांगेतील एक शिखर कोसळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाव्हे आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार सुमारे २३ घन किलोमीटर खडक खाली आला आणि शिखराची उंची पाचेकशे मीटरने घटली. त्याच्या राड्याने खालचे खोरे भरले. आजचे पोखरा शहर अशाच मध्ययुगीन राड्यावर वसलेले आहे. समुद्राच्या तळाशी अशा प्रसंगाची वेगळी ओळ उमटेलच असे नाही. अनेक पुरांच्या गाळात मिसळून तो सरासरीत विरून जातो. दूरच्या अभिलेखाचे हेच बळ आणि हीच उणीव: तो स्वर ऐकवतो, किंकाळी ऐकवत नाही.

त्याच २०१५ साली तेच जहाज अरबी समुद्रातही गेले होते, भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटर पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात. हिमालयाचा, सिंधूने आणलेला गाळ काढणे हा तेथील हेतू. तो मिळालाही, पण त्यात मिसळलेली स्मेक्टाइट नावाची चिकणमाती हिमालयाची नव्हती. ती दख्खनच्या बेसाल्टची, आपल्या काळ्या जमिनीत असते ती, नर्मदा आणि तापी यांनी नेऊन घातलेली. त्याखाली तर शेकडो मीटर जाडीचा, विस्कटलेला एक थर लागला: सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी सौराष्ट्राच्या बाजूचा समुद्रबूड उतार कोसळून आलेला. संशोधकांनी त्याला नटराज हे नाव दिले आहे. या एका घसरणीने तेथील सिंधूच्या अभिलेखाची कितीतरी पाने फाडून नेली.

समुद्रातून निघालेला प्रत्येक दंडगोल उभा चिरून त्याचे दोन भाग करतात. एकातून संशोधनासाठी तुकडे काढले जातात. दुसऱ्याला हात लावत नाहीत, तो पुढच्यांसाठी राखून ठेवतात. हिंदी महासागरातील हे नमुने कोची येथील शीतगृहात आहेत. केरळातल्या नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरील कोची प्रांतात. ज्या जहाजाने ते काढले त्याची खोदकामे २०२४ मध्ये थांबली.