लिलावात वाचलेली जहाजं

जुन्या प्रवासी जहाजाचा जीर्णोद्धार करायचा म्हणजे त्याची हरवलेली दारं, फळ्या, दिवे, खुर्च्या जगभरातून हुडकून आणायच्या, ही पद्धत आज संग्रहालयांची मानली जाते. तिचा उगम मात्र जहाजतोडणीच्या धक्क्यावर झाला. तोडणाऱ्याला पैसा पोलादाच्या वजनावर मिळतो. ओकच्या कोरीव फळीला भट्टीत काही किंमत नाही, ती फळी म्हणूनच विकली तर चार पैसे सुटतात. वाडा उतरवताना सागवानी खांब आणि दरवाजे वेगळे काढून विकतात, त्यामागचं गणित हेच. 1935 च्या मे महिन्यात साउथॅम्प्टनला ‘मॉरिटेनिया’च्या सामानाचा लिलाव झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो गावात ‘टायटॅनिक’च्या थोरल्या बहिणीचं, ‘ऑलिंपिक’चं सामान विकायला निघालं. जॅरोतला जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला होता आणि गाव बेकारीने पोळलं होतं. जॉन जार्विस या खासदाराने ‘ऑलिंपिक’ विकत घेऊन तोडणीसाठी तिथे आणवली, ती गावाला काम मिळावं म्हणून. इतिहास जपण्याचा विचार त्या व्यवहारात कुठेच नव्हता. तरीही ‘टायटॅनिक’च्या दालनांचं लाकूडकाम प्रत्यक्षात कसं दिसत असेल, हे आज हात लावून समजून घ्यायचं तर याच लिलावातल्या फळ्यांकडे जावं लागतं.

या फळ्या गेल्या कुठे, ते पाहण्यासारखं आहे. ‘ऑलिंपिक’च्या विश्रामकक्षाचं लाकूडकाम नॉर्थंबरलँडमधल्या ॲनिक गावच्या व्हाइट स्वान हॉटेलात बसवलं गेलं आणि आजही लोक त्या खोलीत जेवतात. ‘मॉरिटेनिया’चं लाकूडकाम ब्रिस्टलमधल्या एका मद्यगृहात गेलं, काही भाग पाइनवुड चित्रपट स्टुडिओच्या दालनात गेला. घेणाऱ्यांना चांगलं लाकूड स्वस्तात हवं होतं. पण त्यांनी ते वापरलं, म्हणजे पुसलं, वाळवीपासून जपलं, गळणाऱ्या छपराखालून हलवलं. माझं म्हणणं एवढंच आहे की जहाजाचा भाग टिकतो तो त्याला दुसरं काम मिळालं म्हणून. त्याच्या मोठेपणाची जाणीव बहुतेक वेळा फार उशिरा होते, आणि तोवर त्याला कुणाच्या तरी रोजच्या उपयोगानेच तारलेलं असतं. ओळख पटवण्याची सोयही अशीच कामाच्या गरजेतून आलेली आहे. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कारखान्यात प्रत्येक जहाजाला बांधणी क्रमांक असे. ‘ऑलिंपिक’चा 400, ‘टायटॅनिक’चा 401. सुतारांचा गोंधळ होऊ नये म्हणून फळीच्या पाठीवर घातलेला 400 हा आकडा आज तिचा जन्मदाखला ठरतो.

जे फळ्यांचं, तेच अख्ख्या जहाजांचंही. ‘नोमॅडिक’ हे जहाज याच कारखान्यात 1911 साली बांधलं गेलं, क्रमांक 422. फ्रान्समधल्या शेरबुर्ग बंदरात अजस्र जहाजांना धक्क्याला लागता येत नसे, म्हणून उतारू नेण्या-आणण्यासाठी ही साधारण 67 मीटरची, ‘टायटॅनिक’च्या पाव लांबीची बोट होती. 10 एप्रिल 1912 च्या संध्याकाळी तिनेच शेरबुर्गचे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे प्रवासी ‘टायटॅनिक’वर पोचवले. दोन्ही महायुद्धांत राबून 1968 मध्ये ती निवृत्त झाली. तेव्हाच तुटली असती, पण एका फ्रेंच माणसाने ती घेतली आणि पॅरिसमध्ये सेन नदीवर, आयफेल टॉवरसमोर तिचं तरंगतं उपाहारगृह केलं. ते बंद पडल्यावर 2003 मध्ये तिला ल हाव्र बंदरात न्यायचं ठरलं, तेव्हा नदीवरच्या पुलांखालून जाता यावं म्हणून तिचा वरचा मजला कापून काढावा लागला. जानेवारी 2006 मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारने लिलावात 2,50,001 युरोंना ती घेतली. जुलैत ती बेलफास्टला परतली आणि हॅमिल्टन गोदीत जीर्णोद्धार होऊन 2013 मध्ये लोकांसाठी खुली झाली. आतलं मूळ लाकूडकाम आणि नक्षी बऱ्याच ठिकाणी जागेवर सापडली. उपाहारगृहाला ती देखणी दालनं हवी होती, म्हणूनच ती राहिली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: वापर वस्तूला झिजवतो. ‘नोमॅडिक’चा वरचा मजला गेला तो याच वापराच्या ओघात, हेही खरं. पण तुलना कशाशी करायची? संग्रहालयाच्या कोठाराशी केली तर वापर हरेल. मात्र 1935 किंवा 1968 मध्ये कोठार हा पर्यायच नव्हता, समोर भट्टी होती. ‘ग्रेट ब्रिटन’चं उदाहरण याहून बोलकं आहे. ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेलं हे लोखंडी, पंख्यावर चालणारं जहाज 1843 मध्ये ब्रिस्टलला पाण्यात उतरलं. 1857 च्या उठावाच्या वेळी इंग्रज सैनिक घेऊन ते मुंबईलाही आलं होतं. पुढे 1886 मध्ये केप हॉर्नजवळ वादळात सापडून ते फॉकलंड बेटांवर अडकलं, ते कायमचं. तिथे पन्नासएक वर्षं त्याचं गोदाम झालं, त्यात लोकर आणि कोळसा साठवला गेला. 1937 मध्ये सांगाड्याला भोकं पाडून ते उथळ खाडीत टाकून दिलं. 1970 मध्ये ते बाहेर काढताना सांगाड्यातली मोठी भेग बुजवायला बेटवासीयांच्या जुन्या गाद्या कोंबल्या, तराफ्यावर चढवून अटलांटिकभर ओढत आणलं आणि 19 जुलैला, म्हणजे जलावतरणाच्याच तारखेला, ते ब्रिस्टलमधल्या आपल्या जन्मगोदीत शिरलं. कोळशाने त्याला काळं केलं असेल, पण गोदाम नसतं तर आणायला काही उरलंच नसतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मूळ जहाज उभं असेल तर त्याचे भाग सोडवून परत का आणू नयेत? इथे मी थोडा हात आखडता घेईन. ‘ग्रेट ब्रिटन’ची एक डोलकाठी आजही फॉकलंडची राजधानी स्टॅनली इथे किनाऱ्याजवळ ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात याच सांगाड्यातलं काही लोखंड कापून ‘एक्झिटर’ या युद्धनौकेच्या डागडुजीला वापरलं गेलं. हे जहाजाच्या चरित्राचेच भाग आहेत. व्हाइट स्वान हॉटेलात ‘ऑलिंपिक’च्या फळ्या नव्वदच्या आसपास वर्षं आहेत. जहाजावर त्या जेमतेम चोवीस वर्षं होत्या. अशा ठिकाणाहून भाग उपटून आणणं म्हणजे एका इतिहासासाठी दुसरा मोडणं. जिथे दुसरं घरच मोडकळीला आलंय किंवा विकलं जातंय, तिथे मात्र भाग जरूर उचलावा. इंग्लंडमधल्या एका खासगी घरातलं ‘ऑलिंपिक’चं लाकूडकाम असंच विक्रीला आलं आणि 2000 मध्ये एका नव्या पर्यटन जहाजाच्या भोजनगृहात बसलं. बाकी ठिकाणी मापं घ्यावीत, रंगांचे थर तपासावेत, छायाचित्रं काढावीत आणि भाग जिथल्या तिथे राहू द्यावा.

मग प्रतिकृतीच करायच्या असतील तर मूळ भागांमागे धावायचं कशाला, नकाशे आहेतच की, असंही म्हटलं जातं. ‘ग्रेट ब्रिटन’मधलं आजचं इंजिन पूर्ण आकाराची प्रतिकृतीच आहे आणि ते योग्यच आहे, कारण मूळ इंजिन उरलेलं नाही. पण नकाशा सांगतो काय करायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात काय झालं, ते फळीच सांगते: सांधा कसा जोडला, पहिला रंग कोणता होता, पुढच्या दुरुस्तीत कोणता चढला, खिळा कुठे ठोकला. आकार उरला तरच ही साक्ष उरते. आपली जुनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडणीला गेली. तिचं काही पोलाद वितळवून बजाजने मोटरसायकलींत वापरलं. त्यामागची भावना मी मोलाची मानतो, पण वितळलेल्या धातूतून जहाजाचा एक जिनाही पुन्हा उभा करता येत नाही.

अमेरिकेच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजाबाबत तर हा हिशेब पुरता उलटा झाला. 1952 मध्ये पहिल्याच सफरीत तिने 3 दिवस 10 तास 40 मिनिटांत अटलांटिक ओलांडून विक्रम केला होता. 1984 मध्ये तिचं सगळं सामान लिलावात गेलं, पुढे ॲस्बेस्टॉस काढताना आतला भाग सोलून निघाला. 2011 मध्ये जपणूक करणाऱ्या संस्थेच्या हाती आला तो पोकळ सांगाडा. जागेचा वाद कोर्टात गेल्यावर अखेर फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ कृत्रिम खडक म्हणून तिला बुडवायचं ठरलं. तिच्या नियोजित संग्रहालयाची मदार आता जहाजावरून काढलेल्या आणि लोकांकडून परत मिळवलेल्या वस्तूंवर आहे.

ही गोष्ट आपल्या दारात येते ती अलंगमुळे. ‘फ्रान्स’ हे एके काळचं जगातलं सर्वांत लांब प्रवासी जहाज 2006 मध्ये गुजरातच्या या किनाऱ्यावर तोडणीला आलं. त्याच्या नाळेचं टोक कापून मायदेशी नेलं गेलं, 2009 मध्ये पॅरिसला लिलावात विकलं गेलं आणि 2018 मध्ये ल हाव्रच्या धक्क्यावर उभं राहिलं. अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांतून जहाजांची कपाटं, टेबलं, आरसे, भांडी आपल्या घरांत आणि हॉटेलांत येतात. विक्रीच्या पावतीवर जहाजाचं नाव आणि तोडणीचं वर्ष घालणं कायद्याने सक्तीचं करावं; त्याला खर्च जवळजवळ नाही. ते होईपर्यंत, तुमच्याकडे असं एखादं टेबल असेल तर ते उलटं करून पाहा. खाली आकडा किंवा पट्टी असेल तर खरवडू नका, रंगवू नका. फोटो काढा, कुठून आणि कधी घेतलं ते कागदावर लिहा आणि तो कागद खालच्या बाजूलाच चिकटवून ठेवा.